पुष्पक विमानाच्या पॅनेलवरील दिवे मूळचे आहेत की नंतर बसवलेले, हे कसे ठरवावे?

मकरंद_इंदूर (धागाकर्ता)

इंदूरमधील एका प्रशिक्षण संस्थेच्या हँगरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेले एक पुष्पक विमान अनेक वर्षांपासून उभे आहे. ते पुन्हा उडवायचे नाही, पण विद्यार्थ्यांना आणि पाहुण्यांना दाखवता येईल असे करायचे, असे ठरले आहे. कापड, रंग आणि चाके यांचे काम पूर्ण झाले असून आता कॉकपिट हाती घेतले आहे, आणि तिथल्या एका प्रश्नावर आमच्या गटात एकमत होत नाही.

पॅनेलच्या वरच्या काठावर पत्र्याच्या लहान टोप्यांखाली दोन बल्ब आहेत व त्यांच्यासमोर लाल काच आहे. कंपासला स्वतंत्र लहान दिवा आहे. पॅनेलच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक टॉगल स्विच आणि एक रिओस्टॅट (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा रोध) आहे. एअरस्पीड इंडिकेटर (वेगदर्शक) आणि अल्टिमीटर (उंचीदर्शक) यांचे आकडे व काटे पिवळट तपकिरी झालेले असून ते अंधारात चमकत नाहीत. उलट आरपीएमच्या डायलवर विजेरीचा प्रकाश टाकून ती बंद केली, तर आकडे बराच वेळ हिरवे चमकत राहतात. सीटमागे बॅटरीचा पत्र्याचा खोका आहे, पण बॅटरी नाही. इंजिनाच्या पाटीवर सी९०-८एफ असे स्पष्ट वाचता येते. एअरफ्रेम लॉगबुकाचा, म्हणजे इंजिन सोडून बाकी विमानाच्या नोंदवहीचा, पहिला खंड मिळालेला नाही, दुसरा आमच्याकडे आहे.

गटातील काहींच्या मते हे दिवे कारखान्यातूनच आलेले आहेत, म्हणून ते दुरुस्त करून चालू करावेत. इतरांना वाटते की ते नंतर कोणत्यातरी क्लबात बसवले गेले आणि पॅनेल खऱ्या रूपात आणायचे तर ते काढावेच लागतील. कोणतीही वस्तू काढण्यापूर्वी मला पुरावा हवा आहे, कारण एकदा सोडवलेली वायर पुन्हा जागेवर बसवली तरी तिच्यावरून काही सिद्ध करता येत नाही. नेमके काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

हँगरवाले काका

मकरंदराव, काही काढण्याआधी थांबलात हे फार चांगले केलेत. मी आयुष्यभर एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता, म्हणून लहान विमानांवर काम केले असून माझ्या मते सुरुवात इंजिनाच्या पाटीपासूनच करावी. कॉन्टिनेंटलच्या सी७५, सी८५ आणि सी९० या मालिकांमध्ये नावापुढे ८ हा आकडा असलेल्या इंजिनाला स्टार्टर आणि जनरेटर यांची सोय नसते. ती सोय १२ हा आकडा असलेल्या इंजिनात असते. शेवटचे एफ हे अक्षर प्रोपेलर बसवण्यासाठी क्रँकशाफ्टला फ्लँज (सपाट चकती) असल्याचे दर्शवते. म्हणूनच पुष्पक हाताने प्रोपेलर फिरवून सुरू करावे लागे. ठिणगीसाठी मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावरच वीज तयार करणारी यंत्रे, असतात आणि मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, त्यामुळे हे विमान विजेच्या एका थेंबाशिवाय दिवसभर उडू शकत असे.

पुष्पकचे पहिले उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ रोजी झाले. त्याची रचना अमेरिकेच्या एरॉन्का चीफ या विमानाच्या वळणावर गेलेली आहे आणि एकूण सुमारे १५४ विमाने बांधली गेली. फ्लाइंग क्लबांसाठी स्वस्त, साधे आणि देखभालीला सोपे विमान हवे, हाच त्यामागचा हेतू होता. ज्या विमानात वीज निर्माण करणारे यंत्रच नाही, त्या विमानाच्या पॅनेलवरील दिव्यांकडे मी प्रथमदर्शनी नंतरची भर म्हणूनच पाहीन.

नवे_पंख

मी विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जनरेटर नसेल तर सीटमागच्या खोक्यातील बॅटरी कशाने भरली जात असेल, हे कृपया कोणी सांगाल का?

हँगरवाले काका

दोन मार्ग संभवतात. एक तर बॅटरी उतरवून हँगरमध्ये चार्जरला लावायची आणि उड्डाणाआधी परत बसवायची. दुसरा मार्ग वाऱ्यावर चालणाऱ्या जनरेटरचा. लहान पंख्याचा असा जनरेटर विमानाच्या पोटाखाली बसवतात आणि उड्डाणातील हवेच्या झोताने तो फिरतो. एरॉन्का आणि पायपर कब यांसारख्या विमानांवर असे जनरेटर लावलेले आहेत. मकरंदरावांनी पोटाखालच्या नळ्यांवर ब्रॅकेटच्या किंवा क्लॅम्पच्या खुणा आहेत का, हे जरूर पाहावे.

लष्कर_ग्वाल्हेर

काकांविषयी पूर्ण आदर ठेवून एक वेगळा मुद्दा मांडतो. इंजिन हा विमानाचा सर्वांत जास्त बदलला जाणारा भाग आहे. ओव्हरहॉलला एक इंजिन जाते आणि त्याच्या जागी दुसरे येते, म्हणून पाटीवरील अक्षरे त्या इंजिनाविषयी सांगतात, एअरफ्रेमविषयी सांगतीलच असे नाही. म्हणून इंजिनापेक्षा फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीकडे, पाहावे. जनरेटर आणि स्टार्टर असलेल्या विमानात जाड केबल फायरवॉलमधून आत आणावी लागते. तिच्यासाठी मोठे भोक आणि रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची कडी) लागते. तसे भोक नंतर बुजवले गेले असले तरी त्यावरची चकती किंवा रिव्हेट नजरेतून सुटत नाहीत. फायरवॉलवर मॅग्नेटोच्या वायरी, थ्रॉटल आणि तत्सम केबलींपुरतीच भोके असतील, तर काकांचे अनुमान बळकट होईल.

दुसरा मुद्दा असा की, जनरेटर नाही म्हणून दिवे नंतरचेच, हा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो. पॅनेलवरील छोटा बल्ब ०.१२ अँपिअर वीज घेतो. असे दोन-तीन बल्ब साधी बॅटरी रात्रभर पेटवू शकेल. खरा भार पंखांच्या टोकांवरील आणि शेपटीवरील नेव्हिगेशन दिव्यांचा असतो. बारा व्होल्टवर त्यांपैकी प्रत्येक दिवा दोन अँपिअरच्या आसपास वीज घेतो. तिन्ही मिळून सहा अँपिअर धरले, तर वीस-पंचवीस अँपिअर-तासांची बॅटरी तीन-चार तासांत संपेल. जमिनीवर चार्ज केलेल्या बॅटरीवर विमानतळाभोवती फेऱ्या मारण्यापुरते हे पुरेसे आहे. म्हणून पुढचा प्रश्न असा पडतो की, पंखांच्या टोकांना नेव्हिगेशन दिव्यांच्या काही खुणा आहेत का? रात्रीच्या उड्डाणाला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा आवश्यकच असतो. ते नसतील तर पॅनेलचे दिवे रात्रीच्या उड्डाणासाठी बसवलेले नसावेत.

किरणमापन

दिव्यांची चर्चा पुढे नेण्यापूर्वी सर्वांनी इथे थोडे थांबावे, अशी कळकळीची विनंती आहे. मी किरणोत्सर्ग मोजण्याच्या क्षेत्रात काम केले आहे. इंदूरमध्ये राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र असल्यामुळे या विषयातील जाणकार आपल्याच शहरात भेटतील.

पिवळट तपकिरी झालेले आणि अंधारात न चमकणारे आकडे हे रेडियमयुक्त रंगाचे ओळखीचे लक्षण आहे. त्या रंगात रेडियम-२२६ आणि झिंक सल्फाइड यांचे मिश्रण असते. रेडियममधून निघणारे अल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळून उजेड निर्माण करतात, परंतु त्याच माऱ्याने झिंक सल्फाइडच्या स्फटिकांचे नुकसान होत जाते आणि काही वर्षांतच उजेड मंदावतो. रेडियमचा अर्धायुष्यकाल मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. त्यामुळे डायल विझलेले दिसले तरी त्याचा किरणोत्सर्ग जवळजवळ पहिल्या दिवसाइतकाच असतो. डायलची काच अल्फा कण अडवते, गॅमा किरण अडवत नाही. काच फुटली किंवा डायल उघडले तर भुकटी झालेला रंग श्वासावाटे शरीरात जाण्याचा धोका असतो आणि खरी भीती त्याचीच आहे. त्याशिवाय रेडियमपासून रेडॉन हा वायू सतत तयार होत असतो, म्हणून असे डायल बंद कपाटात साठवून ठेवू नयेत.

आरपीएमचे डायल याच कारणाने वेगळे ठरते. विजेरीने प्रकाश दिल्यावर जे आकडे बराच वेळ तेजस्वी हिरवे चमकतात, त्यांच्यात स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचे द्रव्य असण्याची शक्यता फार मोठी आहे. हे द्रव्य १९९३ मध्ये जपानमध्ये विकसित झाले. जुने झिंक सल्फाइड प्रकाश दिल्यावर चमकलेच तर काही क्षणांत किंवा मिनिटांत विझते. म्हणजे आरपीएमच्या डायलवरील रंग १९९३ नंतर दिला गेला असावा, आणि त्या वेळी डायल कोणीतरी उघडले होते हे उघड आहे. मूळ रंग खरवडून काढला होता की त्याच्यावरच नवा चढवला होता, हे केवळ पाहून कळणार नाही. म्हणून गायगर काउंटरने तिन्ही डायल मोजल्याशिवाय कोणीही स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नये.

रेडियमचे डायल निघाले तर ते भंगारात देऊ नका. किरणोत्सर्गी वस्तूंच्या हाताळणीवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून कार्यरत आहे, त्याचा सल्ला घ्या. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत उघडला जाऊन एका कामगाराचा मृत्यू झाला होता. रेडियमचे डायल त्या तोडीचे घातक नसले, तरी वस्तू ओळखल्याशिवाय तोडली की अनर्थ कसा घडतो, याचा तो धडा आहे.

सुमेधा_रामबाग

किरणमापन यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. प्रदर्शनात शाळेतील मुले कॉकपिटमध्ये बसणार असतील, तर मोजमाप झाल्याशिवाय त्यांना आत बसवू नये.

वैशाली_बडोदे

माझ्या वडिलांनी बडोद्याला हरणीच्या विमानतळावर उड्डाणाचे प्रशिक्षण घेतले होते. त्यांची वैमानिकाची लॉगबुके आम्ही जपून ठेवली आहेत. प्रत्येक नोंदीत तारीख, विमानाचा प्रकार, व्हीटीने सुरू होणारी नोंदणी अक्षरे, आणि दिवसाचे व रात्रीचे तास वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेले असतात. यावरून मला सुचले की, तुमच्या पुष्पकची अक्षरे ज्या वैमानिकांच्या लॉगबुकांत आहेत, त्यांच्या रात्रीच्या रकान्यात काही तास लिहिलेले सापडले, तर निदान त्या तारखेपर्यंत विमानात रात्रीच्या उड्डाणाची सोय झालेली होती असे म्हणता येईल. एअरफ्रेमच्या लॉगबुकाचा पहिला खंड हरवला असला, तरी त्यातील काही भाग वैमानिकांच्या घरी अशा रीतीने शिल्लक असू शकतो. अक्षरे व्यक्तिगत संदेशाने कळवावीत, मी वडिलांच्या वहीत शोधते.

लष्कर_ग्वाल्हेर

वैशालीताईंची सूचना उत्तम आहे, मात्र एक काळजी घ्यावी लागेल. रात्रीची नोंद असली म्हणजे पॅनेलवर कायमचे दिवे होतेच असे नाही. काही वैमानिक लाल कागद लावलेली विजेरी गळ्यात अडकवून डायल वाचत असत. नेव्हिगेशन दिवे लागलेच असतील, पण पॅनेलचे दिवे होते की नाही हे त्या नोंदीवरून सांगता येणार नाही.

हँगरवाले काका

हे बरोबर आहे. तरीही वैमानिकांच्या नोंदी शोधाव्यात असे मला वाटते, आणि त्यामागे नियमाचे कारण आहे. आपल्या देशात दृश्य नियमांनुसार, म्हणजे बाहेर पाहून, होणारी उड्डाणे सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी २० मिनिटांपर्यंत करता येत नाहीत. स्थानिक उड्डाणांना आणि फ्लाइंग क्लबांच्या प्रशिक्षण उड्डाणांना हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीने सवलत मिळते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आजही रात्रीचे ५ तास आणि त्यांत १० उड्डाणे व १० अवतरणे आवश्यक असतात. म्हणजे क्लबातील एखाद्या विमानाला दिवे बसवण्याचे सबळ कारण होते, आणि ते विमान रात्री उडाले असेल तर तेही विमानतळाभोवतीच्या फेऱ्यांसाठीच. त्या काळी धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना रॉकेलचे गूजनेक दिवे मांडून असे सराव होत. वारा सुटला की त्यांच्या ज्योती आडव्या होत आणि त्यांच्याकडे पाहूनच वाऱ्याची दिशा कळे.

आता प्रत्यक्ष विमानाकडे वळू. मकरंदराव, पॅनेलच्या मागे आरसा आणि विजेरी घेऊन पुढील गोष्टी पाहा. दिव्यांच्या टोप्या ज्या स्क्रूंनी बसवल्या आहेत, त्यांच्या भोकांच्या कडा तपासा. कारखान्यात आधी भोके पाडून, कडा घासून, मग प्रायमर आणि रंग दिला जातो, त्यामुळे भोकाच्या आतल्या कडेवरही हिरवट पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर उतरलेला असतो. रंगवलेल्या पॅनेलला नंतर ड्रिल लावले, तर आतली कड उघडी अॅल्युमिनियमची दिसते, तिच्याभोवती रंगाचे बारीक टवके उडालेले असतात आणि बहुधा मागच्या बाजूची बर (ड्रिलने उठलेली धातूची खरखरीत कड) तशीच राहिलेली असते. टोपीखाली पॅनेलचा मूळ रंग अखंड पसरलेला असेल, तर टोपी रंगानंतर आली.

त्यानंतर वायर पाहा. कापसाच्या वेणीचे आणि लॅकरचे आवरण असलेली वायर सर्वांत जुन्या पद्धतीची. पीव्हीसीवर नायलॉनचे आवरण असलेली वायर १९५० च्या दशकापासून सर्रास दिसते. पातळ, कडक आणि गुळगुळीत टेफझेल आवरणाची वायर १९७० च्या दशकापासूनची. तुमच्या विमानात मॅग्नेटोच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरी पहिल्या दिवसापासून असणारच. त्यांच्याशी तुलना करा, मात्र त्या स्वतःही कधी बदलल्या असतील हे ध्यानात ठेवा. वायरींची टोके सोल्डर केलेल्या लगची (स्क्रूखाली बसणाऱ्या धातूच्या टोकाची) आहेत की दाबून बसवलेल्या लाल-निळ्या आवरणाच्या लगची आहेत, हेही लिहून घ्या. एकाच दिव्याच्या दोन वायरींत फरक निघाला तर तो विशेष महत्त्वाचा.

नवे_पंख

काका, दिव्यांसमोर लाल काचच का असते? नंतरच्या विमानांत तर पांढरा प्रकाश दिसतो.

किरणमापन

याचे उत्तर मी देतो. डोळ्यांतील अंधारात पाहणाऱ्या दंडपेशींना साधारण ६२० नॅनोमीटरच्या पुढील लाल प्रकाश फारच कमी जाणवतो. त्यामुळे लाल प्रकाशात डायल वाचले तरी अंधाराला सरावलेली नजर टिकते. पांढऱ्या प्रकाशाने ती बिघडली तर पूर्ववत व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. त्याचा तोटा असा की, लाल प्रकाशात लाल रंगाच्या रेषा दिसेनाशा होतात, आणि एअरस्पीड इंडिकेटरवरील कमाल वेगाची खूण तर नेमकी लाल असते. नकाशावरील लाल अक्षरेही दिसत नाहीत. यामुळेच पुढे मंद पांढरा प्रकाश अधिक पसंत केला गेला. लाल काच असल्यावरून दिव्यांचा काळ ठरत नाही, परंतु ते रात्रीच्या उड्डाणाचा विचार करून बसवले होते, एवढे त्यावरून दिसते.

मकरंद_इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. तपासणी करून आलो आहे, म्हणून निरीक्षणे सविस्तर लिहितो.

गायगर काउंटर असलेल्या एका परिचितांनी तिन्ही डायल मोजली. एअरस्पीड इंडिकेटर आणि अल्टिमीटर या दोन्हींसमोर काउंटरची टकटक स्पष्टपणे वाढली. आरपीएमच्या डायलसमोर ती आजूबाजूच्या पातळीइतकीच राहिली, म्हणजे तिथला जुना रंग काढून टाकून नवा दिला गेला असावा किंवा मूळ रंगात रेडियम नसावे. पहिली दोन डायल आम्ही उघडणार नाही आणि कॉकपिटमध्ये तूर्तास कोणालाही बसवणार नाही.

फायरवॉलला मोठे भोक नाही, बुजवल्याची खूणही नाही. पोटाखाली जनरेटरच्या ब्रॅकेटच्या खुणा नाहीत. टोप्यांखाली पॅनेलचा काळा सुरकुतलेला रंग अखंड आहे, आणि भोकांच्या आत प्रायमर नसून उघडा धातू आहे. स्विचच्या भोकाचीही तीच स्थिती आहे. इतर सर्व उपकरणांच्या भोकांत मात्र प्रायमर आहे. टोप्यांच्या वायरी पीव्हीसीच्या असून त्यांचे लग सोल्डर केलेले आहेत. कंपासच्या दिव्याची वायर टेफझेलची आहे आणि तिचे लग दाबून बसवलेले आहेत.

सुदैवाने कापड चढवण्याआधी आम्ही पंखांच्या सांगाड्याचे फोटो काढून ठेवले होते. त्यांत दोन्ही पंखांच्या स्पारला (पंखातील मुख्य आडव्या तुळईला) लागून अॅल्युमिनियमची बारीक नळी टोकापर्यंत गेलेली दिसते आणि डाव्या पंखातील नळीतून वायरीचा एक तुकडाही बाहेर आलेला आहे. म्हणजे नेव्हिगेशन दिवे कधीतरी होते.

लष्कर_ग्वाल्हेर

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. माझी शंका इंजिनापुरती होती आणि फायरवॉलच्या निरीक्षणाने ती मिटली. पॅनेल रंगवून झाल्यानंतर भोके पाडली गेली, यावर आता दुमत राहू नये. पॅनेल नंतर कधी पुन्हा रंगवले होते का, हा एकच प्रश्न उरतो, पण तसे असते तर इतर भोकांतील प्रायमरवर दुसऱ्या रंगाचा थर चढलेला दिसला असता.

हँगरवाले काका

कंपासच्या दिव्याबद्दल थोडे लिहितो. अनेक कंपास त्यांच्या निर्मात्याकडून दिव्याच्या जागेसह येत असत, म्हणून कंपासवर दिवा असणे हा पुरावा धरता येत नाही. त्याच्याकडे जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या आहेत का, हे पाहा. डीसी प्रवाह वाहणाऱ्या वायरीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि कंपासचा काटा त्याने विचलित होतो. जाणारी आणि येणारी वायर पिळली की दोन्हींची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. ज्याने त्या पिळल्या असतील त्याला विमानाचे काम येत होते, असे खात्रीने समजावे.

यातूनच कागदोपत्री पुराव्याची वाट निघते. कंपासजवळ विजेचे उपकरण बसवले की कंपास स्विंग, म्हणजे विमान वेगवेगळ्या दिशांना उभे करून कंपासची चूक मोजणे, पुन्हा करावा लागतो आणि विचलनाचे नवे कार्ड लावावे लागते. दुसऱ्या खंडात कंपास स्विंगच्या नोंदी शोधा. त्याचबरोबर वेट शेड्यूलच्या (विमानाच्या वजनाच्या तक्त्याच्या) सर्व आवृत्त्या एकापुढे एक मांडा. बॅटरी आणि तिचा खोका यांचे वजन काही किलो भरते आणि ते सीटमागे असल्यामुळे रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. कोणत्या दोन वजनांच्या दरम्यान ही उडी दिसते, ते पाहिले की बदलाचा काळ दोन तारखांमध्ये सापडतो. विमानाची पाटीही पाहा. १ ऑक्टोबर १९६४ रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्टचे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये विलीनीकरण झाले, म्हणून पाटीवर जुने नाव असेल तर विमान त्याआधीचे.

रामबागकर

हा धागा वाचून मी घरातील ट्रंक उघडली. माझ्या काकांनी इंदूरलाच उड्डाण शिकले होते. मकरंद यांनी कळवलेली अक्षरे त्यांच्या लॉगबुकात अनेक ठिकाणी आहेत, आणि १९६८ मधील काही ओळींत रात्रीच्या रकान्यात वेळ लिहिलेली आहे. शेऱ्यात प्रशिक्षकासह स्थानिक फेऱ्या असा उल्लेख आहे. एका ओळीपुढे त्यांनी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले आहेत, ते असे: ‘पॅनेल मंद’. मी त्या पानांचे फोटो मकरंद यांना पाठवले आहेत.

वैशाली_बडोदे

पेन्सिलीतला तो शेरा वाचून फार आनंद झाला. माझ्या वडिलांच्या वहीत ही अक्षरे सापडली नाहीत, पण त्या शेऱ्यामुळे लष्कर_ग्वाल्हेर यांच्या विजेरीच्या शंकेला बऱ्याच अंशी उत्तर मिळते, कारण मंद होण्यासाठी पॅनेलवर दिवे असावे लागतात.

मकरंद_इंदूर

रामबागकर, तुमचे ऋण कसे मानावे कळत नाही. आता कागदांविषयी सांगतो. विमानाच्या पाटीवर हिंदुस्तान एअरक्राफ्ट हेच नाव आहे. दुसरा खंड १९७१ मध्ये सुरू होतो. त्याच्या पहिल्याच पानावर मागील खंडातून उतरवलेल्या बदलांची यादी आहे आणि तिच्यात बॅटरीचा खोका व रात्रीचे दिवे यांची ओळ आहे, परंतु तारखेचा रकाना रिकामा आहे. वेट शेड्यूलच्या आमच्याकडे असलेल्या सर्वांत जुन्या प्रतीतही बॅटरी आधीच धरलेली आहे. पुढे १९७९ मध्ये कंपास बदलल्याची आणि स्विंग केल्याची नोंद सापडली. टेफझेलची वायर तेव्हाचीच असावी, आणि ती पिळलेली आहे.

त्यामुळे माझा निष्कर्ष असा आहे की, विमान कारखान्यातून दिव्यांशिवाय आले, १९६८ पर्यंत क्लबाने रात्रीच्या प्रशिक्षणासाठी रीतसर दिवे बसवले, कंपासच्या दिव्याची वायर १९७९ ची आहे आणि आरपीएमचे डायल १९९३ नंतर कोणीतरी रंगवले. आता गटातील मतभेद पुन्हा उभा राहतो. दिवे काढून पॅनेल कारखान्यातल्यासारखे करावे का?

सुमेधा_रामबाग

काढू नयेत. या विमानाचे खरे आयुष्य क्लबातच गेले. ज्या दिव्यांखाली इंदूरची मुले रात्रीची उड्डाणे शिकली, ते दिवे काढून आपण कोणते विमान दाखवणार आहोत?

लष्कर_ग्वाल्हेर

माझे मत किंचित वेगळे आहे. एचटी-२ आणि पुष्पक ही स्वतंत्र भारताने स्वतःच्या क्लबांसाठी आणि प्रशिक्षणासाठी घडवलेली पहिल्या काळातील विमाने आहेत. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्यासारख्या अभियंत्यांनी घालून दिलेल्या वाटेवरचे साधेपण, म्हणजे विजेशिवाय उडणारे यंत्र, नव्या पिढीला दिसायला हवे असे मला मनापासून वाटते. दिवे ठेवले तर पाहणाऱ्याला वाटेल की पुष्पक असेच होते. म्हणून ठेवायचेच असतील तर शेजारी स्पष्ट पाटी लावावी आणि कारखान्यातील पॅनेलचे चित्रही दाखवावे.

हँगरवाले काका

दोघांचेही म्हणणे एकत्र साधता येईल. १९६८ चे दिवे राहू द्यावेत, पाटी लावावी. आरपीएमच्या डायलचा हिरवा रंग मात्र या दोन्ही काळांतला नाही, तो बदलायला माझी हरकत नाही. काढलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधून ती विमानाच्या कागदांसोबत जपावी. दिवे पेटवण्यापूर्वी रिओस्टॅट मोजून घ्या आणि आकडा इथे लिहा.

मकरंद_इंदूर

काकांच्या सूचनेप्रमाणेच करण्यावर गटात एकमत झाले आहे. रिओस्टॅट मोजला. तो शून्यापासून १० ओहमपर्यंत जातो. टोप्यांमधील बल्ब १४ व्होल्ट, ०.१२ अँपिअरचे आहेत.

हँगरवाले काका

मग ही जोडी एकमेकांसाठी बनलेली नाही. त्या बल्बांपैकी प्रत्येकाचा रोध सुमारे १२० ओहम, म्हणजे दोन समांतर जोडल्यावर ६० ओहम होतो. त्यांच्यामागे १० ओहम पूर्ण लावले तरी बारापैकी दहा व्होल्टच्या वर बल्बांना मिळत राहतात आणि निम्म्याहून अधिक उजेड शिल्लक राहतो. अंधाऱ्या रात्री तो फार होईल. १० ओहमच्या आसपासचे रिओस्टॅट जुन्या मोटारींच्या डॅशबोर्डसाठी मिळत, कारण तिथे अनेक बल्बांचा मोठा भार असतो. एक तर मूळचे बल्ब जास्त प्रवाहाचे होते, किंवा मूळचा रिओस्टॅट जळाल्यावर मोटारीचा बसवला गेला. रामबागकरांच्या काकांनी पॅनेल मंद लिहिले आहे, त्यावरून त्या वेळी मंद करणारा वेगळा रिओस्टॅट असावा, निदान बॅटरी तरी उतरलेली असावी. रिओस्टॅटच्या मागच्या बाजूला कोरलेला क्रमांक आणि त्याच्या लगांचे सोल्डर पाहा. ते टोप्यांच्या वायरींच्या सोल्डरसारखे आहे की नाही, यावर पुढचे ठरेल.

मकरंद_इंदूर

उद्या आरसा घेऊन पुन्हा पॅनेलमागे पाहतो आणि फोटो इथेच टाकतो. बल्ब तोवर जोडत नाही.